आम्हाला घाई नाही

बायको: ...म्हणजे आजही फोन केला नाहीत. सरळ सांगा ना.

राजदूत: मी असं म्हटलं नाही. मी म्हटलं, फोन करायची वेळ अजून आलेली नाही.

बायको: अहो, दोन्हीचा अर्थ एकच झाला. आणि तो टाय नीट करा, वाकडा झालाय.

राजदूत: दुपारी चहाला उपमंत्री येतोय. इथं, घरी. फोनपेक्षा ते बरं. जरा मोकळेपणानं बोलता येतं.

बायको: तो होय! मागच्या वेळी अख्खी बशी रिकामी केली, आणि निघताना मला म्हणतो, ह्या युद्धानं भूकच मेली हो वहिनी.

राजदूत: खाऊ दे. मंत्रिमंडळात त्याचा शब्द चालतो.

बायको: मग घाला ना त्याच्या कानावर! मागायचंय काय तुम्हाला? एक सही. तहाचा कागद तयार आहे, अटी ठरल्यात, नदीपलीकडच्यांनी सही करून हात झटकले. राहिलं कोण? हे, ज्यांच्या राजधानीत आपण पाहुणे म्हणून बसलोय. तोफा कुणाच्या चालू आहेत? ह्यांच्या. आणि त्या तोफांच्या तोंडाशी कोण आहे? आपली ठकी.

राजदूत: ठकी एकटी नाही तिथं. अख्खं गाव वेढ्यात आहे.

बायको: तेच तर म्हणतेय मी. अख्खं गाव आहे, इस्पितळ आहे, इस्पितळात लहान मुलांचा वॉर्ड आहे, आणि त्या वॉर्डाची डॉक्टर तुमची मुलगी आहे. एवढं सगळं असून तुमच्या तोंडात मिठाची गुळणी.

राजदूत: जरा समजून घे. हे मानी लोक आहेत. कुणी ढकललं की पाय रोवून उभे राहतात. मी उद्या गेलो आणि म्हटलं, सही करा, नाहीतर आमची गव्हाची जहाजं थांबतील. तर ते म्हणतील, नाही करत, जा! आणि एकदा ते नाही म्हणाले की संपलं. तो नकार परत गिळायला त्यांना वर्ष लागेल. म्हणून ज्या प्रश्नाला नाही असं उत्तर येऊ शकतं, तो प्रश्न विचारायचाच नाही. आधी आडून चाचपायचं. होकार पिकला की मग विचारायचं. सगळी हयात मी असंच काम केलंय.

बायको: मला सांगताय? मला बघायला आलात तेव्हा तरी कुठं विचारलंत? आधी तुमच्या मामांना पुढं पाठवलंत, मुलीकडून नकार येणार नाही ना बघून या म्हणून. मी आपली कपडे वाळत घालतेय आणि मामा माझ्या मागं मागं. मला वाटलं, मामांनाच लग्न करायचंय.

राजदूत: पण जमलं की नाही शेवटी?

बायको: जमलं. मी कुठं तोफा डागत होते तेव्हा!

राजदूत: थट्टा सोड. माझे पहिले साहेब होते ना, त्यांनी एका सरकारला असंच भर बैठकीत सुनावलं होतं, कैदी सोडा म्हणून. ते सोडणारच होते. सुनावल्यावर हट्टाला पेटले. ते कैदी तिथंच म्हातारे झाले. मी डोळ्यांनी पाहिलंय.

बायको: म्हणजे त्या म्हाताऱ्या कैद्यांची शिक्षा आता ठकीनं भोगायची.

राजदूत: तुला वाटतं मला झोप लागते?

बायको: लागते. घोरताही. मी जागी असते, मला माहीत आहे.

राजदूत: आपल्या मंत्रालयानं सगळं माझ्यावर सोपवलंय. तुम्हाला योग्य वाटेल तेव्हा जोर लावा म्हणाले, जहाजांची धमकी द्यावी लागली तरी द्या. केवढा विश्वास आहे हा! मुलगी आत आहे म्हणून मी तो उतावीळपणे वापरला, तर लोक काय म्हणतील?

बायको: म्हणतील, बापानं मुलीसाठी केलं. म्हणू देत की! त्यात लाज कसली?

राजदूत: माझ्या शब्दाची किंमत जाईल.

बायको: किंमत! तुमचा शब्द म्हणजे कपाटातला दागिना झालाय. जन्मात एकदा अंगावर घालायचा नाही आणि म्हणायचं, फार मोलाचा आहे हो.

राजदूत: ...ठकीचा फोन आला होता ना परवा? तू काय सांगतेस तिला?

बायको: काय सांगणार? लागलाच फोन तर दोन मिनिटं बोलणं होतं. तिचा पहिला प्रश्न हाच. बाबा विचारतायत का गं त्यांना? मी म्हणते, रोज विचारतात.

राजदूत: असं कशाला सांगितलंस?

बायको: मग काय सांगू? बाबा होकार पिकायची वाट बघतायत?

राजदूत: त्यावर काय म्हणाली?

बायको: खूष झाली पोरगी. म्हणाली, मग झालंच म्हणायचं. वॉर्डातल्या आयांना सांगते म्हणाली. नदीवरचा पूल अजून उघडा आहे ना, काहीजणी मुलांना उचलून त्यावरून निघायच्या बेतात होत्या. ठकीनं त्यांना थांबवलं. सलाइनवरची मुलं कशाला हलवायची, म्हणाली, आज ना उद्या तोफाच थांबतील.

राजदूत: आणि हे तू मला आत्ता सांगतेस?

बायको: तुम्ही आत्ता विचारलंत. ऐका, मी खोटं बोलले. चुकलं माझं. आता ते खरं करून द्या. आज दुपारीच. माझ्यासाठी नको, तिच्यासाठीही नको. त्या आयांसाठी करा हवं तर, म्हणजे तुमचे ते लोक काही म्हणणार नाहीत.

राजदूत: बघतो.

बायको: बघतो नको. करतो म्हणा.

राजदूत: अंदाज घेतो.

(त्याच दिवशी दुपारी. राजदूताच्या घरची बैठकीची खोली.)

उपमंत्री: वा, वहिनी! ह्या केकसाठी माणसानं युद्ध करावं.

बायको: थांबवावं असं नाही वाटत?

उपमंत्री: हा हा! साहेब, तुमच्या सरकारनं चुकीच्या माणसाला राजदूत केलंय बरं का.

राजदूत: घ्या, आणखी एक तुकडा घ्या. चहा ओतू?

उपमंत्री: ओता, ओता. मी आज अगदी मोकळा आहे. संध्याकाळी मंत्रिमंडळ बसतंय, तोवर काही काम नाही. बोला. काय म्हणतंय तुमचं सरकार?

राजदूत: आमच्या सरकारला आपल्या अडचणींची पूर्ण जाणीव आहे.

उपमंत्री: जाणीव. बरं. आणि?

राजदूत: आणि तहाच्या अटींबद्दल आपण आपल्या सोयीनं, योग्य वेळी निर्णय घ्याल अशी खात्रीही आहे.

उपमंत्री: खात्री. हं. एवढंच? कुणी रागावलंबिगावलं नाही का तिकडं? आमच्या लष्करवाल्यांना वाटतंय, तुमचे लोक फार चिडलेत.

राजदूत: छे, छे. मित्रांमध्ये राग कसला?

उपमंत्री: नाही, मित्रच तर रागावतात. परका कशाला रागावेल? बरं, त्या गव्हाच्या जहाजांचं काय? तुमच्या बंदरातच अडवून ठेवलीत, असं माझ्या कानावर आलं.

राजदूत: अफवा आहेत हो. हवा खराब होती, एवढंच. जहाजं वेळेवर येतील. मी स्वतः खात्री देतो.

उपमंत्री: स्वतः देता? अरेरे... म्हणजे, उत्तम. उत्तम झालं.

बायको: तुमचा चहा निवतोय.

उपमंत्री: निवू द्या. साहेब, आपण जुने स्नेही. मला संध्याकाळी बैठकीत उभं राहून काहीतरी सांगावं लागणार. तुमच्याकडचं काही जड ओझं असेल तर आत्ताच द्या माझ्या खांद्यावर. मी वाहून नेतो. मला राग येणार नाही.

राजदूत: जड असं काही नाही. आपण निवांत विचार करा. आम्हाला घाई नाही.

बायको: मला आहे.

राजदूत: अगं...

बायको: मला घाई आहे. माझी मुलगी आहे त्या इस्पितळात. भाऊसाहेब, सही कधी करताय? आज संध्याकाळीच करा. नाही केलीत तर गहू येणार नाही. एक दाणा येणार नाही. आमच्या बंदरात कुजला तरी चालेल.

उपमंत्री: ...साहेब, हे दूतावासाचं म्हणणं समजायचं का?

बायको: समजा!

उपमंत्री: वहिनी, मी साहेबांना विचारतोय. साहेब? तोंडानं बोलू नका हवं तर. नुसती मान हलवलीत तरी मला पुरे.

राजदूत: नाही, नाही. माफ करा. आई आहे ती, भरात बोलून गेली. हे दूतावासाचं म्हणणं नाही.

उपमंत्री: नाही?

राजदूत: अजिबात नाही. आपण हे ऐकलंच नाही असं समजा.

उपमंत्री: ऐकलंच नाही. ठीक आहे. मग उठतो मी.

राजदूत: असं कसं? आणखी एक कप तरी घ्या. माझ्यासाठी.

उपमंत्री: चहाचा आग्रह मात्र तुमच्यासारखा कुणी करत नाही, साहेब. द्या. अर्धाच.

(काही दिवसांनी. सकाळ. तीच खोली.)

उपमंत्री: अभिनंदन करा, साहेब! सही झाली. सगळ्या अटी मान्य. एक शब्द बदलला नाही.

राजदूत: झाली? खरंच झाली? अगं, ऐकलंस का? बाहेर ये! बघ, मी म्हणत नव्हतो? माणसानं धीर धरला की...

उपमंत्री: परवा गाव ताब्यात आलं, पूलही पाडून झाला. आता भांडायला उरलंय काय? लष्करवालेच म्हणाले, आता करा सही, शोभून दिसेल.

बायको: इस्पितळ?

उपमंत्री: वहिनी, तुम्ही जरा बसा.

बायको: माझ्याच घरात मला बसायला सांगू नका. इस्पितळाचं काय झालं?

उपमंत्री: तुमची मुलगी सुखरूप आहे. मी माणूस पाठवून खात्री करून घेतलीय. तळघरात कुणाचं तरी ऑपरेशन करत होती, म्हणून वाचली. थोड्या वेळात तिला फोन लावून देतील, तशी सोय केलीय मी.

बायको: आणि वॉर्ड?

उपमंत्री: वॉर्ड वरच्या मजल्यावर होता.

राजदूत: होता म्हणजे?

उपमंत्री: होता म्हणजे होता, साहेब.

राजदूत: मुलं... किती मुलं?

उपमंत्री: अजून काढतायत. तुम्हाला कधी कशाची घाई नसते, हेही कळेल सावकाश.

राजदूत: हे... हे टाळण्यासारखं नव्हतं. आम्ही दबाव आणला असता तर तुम्ही आणखी ताठ झाला असतात.

उपमंत्री: कोण म्हणालं?

राजदूत: तुम्ही मानी लोक आहात.

उपमंत्री: मानी माणसालाच तर ढकलावं लागतं हो! तो आपण होऊन कसा वाकेल? त्या दिवशी मी कशाला आलो होतो तुमच्याकडे? केक खायला? पंतप्रधानांनी पाठवलं होतं मला. म्हणाले, जा, आणि राजदूताकडून चांगली दमदाटी ऐकून ये. मंत्रिमंडळ अर्धं इकडं, अर्धं तिकडं. सही करायचीच होती आम्हाला! पण आपण होऊन केली असती तर लष्करवाल्यांनी सालटी काढली असती आमची. तुमची धमकी हातात असती तर प्रश्न मिटला असता. काय करणार, गहू बंद करतायत, देश उपाशी मरेल, असं म्हणून सगळे मोकळे झालो असतो. चार शिव्या तुम्हाला पडल्या असत्या, एवढंच.

राजदूत: मग तुम्ही सांगायचं होतं मला तसं.

उपमंत्री: काय सांगायचं? कृपा करून आम्हाला धमकावा? उद्या तुम्हीच कुठंतरी बोलला असतात की हे नाटक आहे. मला एवढंच करता येत होतं, तुमच्यासमोर बसून राहणं. जहाजं अडवलीत का, विचारलं. चिडलात का, विचारलं. ओझं द्या म्हटलं. तुम्ही प्रत्येक वेळी मला केक वाढलात.

बायको: मी दिली होती धमकी.

उपमंत्री: दिली होतीत, वहिनी. मला वाटलं, देव पावला. म्हणून तर म्हटलं, साहेब, नुसती मान हलवा. मग काय झालं ते तुमच्यासमोरच झालं.

राजदूत: मी माझ्या पदाशी प्रामाणिक राहिलो. मुलगी आत असतानाही मी...

उपमंत्री: तिथंच तर घात झाला! नाहीतर मी रेटलं असतं बैठकीत. पण मी उठून म्हटलं, राजदूत म्हणतात आम्हाला घाई नाही, आणि सेनापती हसायला लागले. म्हणाले, ज्याची पोटची पोर आत बसलीय त्याला घाई नाही, मग आपल्याला कसली? काहीतरी बघूनच बोलत असेल तो. त्यावर आमच्याकडची दोन-तीन डोकी हलली आणि तिकडं गेली. मत झालं. दुसऱ्या दिवशी पुलावर मारा सुरू.

बायको: तुम्ही आता जा.

उपमंत्री: जातोच. साहेब, एक काम होतं. तुमच्या सरकारकडून तहाचं स्वागत करणारं दोन ओळींचं निवेदन आलं तर बरं दिसेल. आजच्या आज.

राजदूत: देतो.

उपमंत्री: आभारी आहे. वहिनी, येतो.

बायको: लगेच देतो म्हणालात. आधी अंदाजसुद्धा घेतला नाहीत.

राजदूत: ते द्यावंच लागतं.

बायको: काय लिहिणार?

राजदूत: हे पाऊल स्वागतार्ह आहे... असं काहीतरी.

बायको: आणि वॉर्डाबद्दल?

राजदूत: खेद.

बायको: खेद! काय हो, हा शब्द नसता तर तुम्ही लोक काय केलं असतंत?

राजदूत: तू मला मार हवं तर. पण असं बोलू नकोस.

बायको: मारून काय होणार? तुम्हाला बरं वाटेल, एवढंच. मी तुम्हाला बरं वाटू देणार नाही. ...फोन वाजतोय.

राजदूत: तू घे.

बायको: तुमच्या टेबलावरचा वाजतोय. तुमच्याशी बोलायचं असेल तिला. घ्या.

राजदूत: हॅलो? ठकी?

ठकी: बाबा. ऐकू येतंय का नीट?

राजदूत: येतंय, येतंय. बेटा, तू बरी आहेस ना? लागलंबिगलं नाही ना कुठं?

ठकी: मी बरी आहे. बाबा, हा फोन फार वेळ मिळणार नाही. मला एकच विचारायचंय, सरळ उत्तर द्या. माझ्यासमोर इथं सगळ्या आया बसल्यात. ज्यांची मुलं वर होती त्या.

राजदूत: हं.

ठकी: ह्या निघणार होत्या हो पुलावरून. मुलांना चादरीत गुंडाळून तयार होत्या. मी अडवलं. म्हटलं, माझे बाबा रोज विचारतायत, मारा थांबणारच आहे. आता त्यातली एक मला म्हणते, तुझे बाबा खरंच विचारत होते का, का तू आम्हाला बसवून ठेवायला थाप मारलीस? ती ओरडत नाहीये बाबा, नुसती विचारतेय. मी म्हटलं, थांबा मावशी, तुमच्यासमोर विचारते त्यांना.

राजदूत: ठकी, ही गोष्ट अशी फोनवर बोलण्यासारखी...

ठकी: बाबा, विचारलंत की नाही?

बायको: बोला. वाट बघतेय ती.

राजदूत: ...विचारलं.

ठकी: रोज?

राजदूत: रोज विचारलं.

ठकी: मग?

राजदूत: नाही म्हणाले.

ठकी: प्रत्येक वेळी?

राजदूत: प्रत्येक वेळी नाही म्हणाले.

ठकी: ऐकलंत का, मावशी? विचारलं होतं त्यांनी. हे लोकच नाही म्हणाले. ...मग तुम्ही तरी काय करणार होता, बाबा. रडू नका. आईला द्या फोन.

राजदूत: घे. तुला बोलावतेय.

बायको: बोल गं, बाळा.

ठकी: आई, बाबांचा आवाज कसातरीच येतोय. माझ्याशी खरं बोलले ना ते? तू होतीस तिथं?

बायको: होते ना. चहा मीच केला होता. माझ्यासमोरच नाही म्हणाले.